पान उलटण्याआधी भाकीत लिहा: फ्रेड हॉएल यांची 'द ब्लॅक क्लाउड' पहिल्यांदा वाचणाऱ्यांसाठी

विज्ञानकथा वाचायला कुठून सुरुवात करू, असं कुणी विचारलं की मी गेली कित्येक वर्षं एकच नाव सांगते. ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉएल यांची 'द ब्लॅक क्लाउड'. १९५७ साली इंग्लंडमध्ये प्रसिद्ध झालेली, अडीचशेच्या आसपास पानांची कादंबरी. काळ्या धुळीचा आणि वायूचा एक प्रचंड ढग सूर्यमालेच्या दिशेने येतो आहे, एवढंच कथाबीज. अंतराळयानातला प्रवास नाही, लढाया नाहीत. बहुतेक पानांवर चार माणसं फळ्यासमोर उभी राहून वाद घालत असतात. आणि तरीही कॉलेजात असताना मी ती हातात घेतली ती रात्री अडीचला संपवूनच खाली ठेवली.

मात्र मी ज्यांना ती सुचवली त्यांतल्या बऱ्याच जणांनी तीस-चाळीस पानांनंतर पुस्तक परत आणून दिलं. 'नुसतंच बोलतात गं सगळे,' ही नेहमीची तक्रार. तक्रार खरी आहे, पण त्या बोलण्यातच सगळं घडतं. इथे माणसं विचार करतात तीच मारामारी, तोच पाठलाग. म्हणून ही कादंबरी भराभर पानं उलटत वाचली तर हाताला काहीच लागत नाही. ती कशी वाचावी हे मला दोन-तीन वाचनांनंतर उमगलं. नव्याने वाचणाऱ्याला पहिल्याच खेपेला तो आनंद मिळावा म्हणून हे सगळं सविस्तर लिहिते आहे. कथेतलं रहस्य मी कुठेही फोडलेलं नाही, तेव्हा निर्धास्त वाचा.

सुरुवात करण्याआधी

एक साधी दोनशे पानी वही, एक पेन्सिल आणि एक पट्टी जवळ ठेवा. नववी-दहावीची भूमिती पुसटशी आठवत असली तरी पुरे.

मागच्या मुखपृष्ठावरचा मजकूर वाचू नका. अनुक्रमणिकाही वाचू नका, कारण एका प्रकरणाचं नावच पुढची सर्वांत मोठी गोष्ट सांगून टाकतं. पेंग्विनच्या २०१० च्या आवृत्तीत रिचर्ड डॉकिन्स यांचं उत्तरकथन आहे. ते उत्तम आहे, पण ते शेवटीच वाचा. लेखकाची छोटी प्रस्तावना मात्र जरूर वाचा. त्यात हॉएल म्हणतात की ही एक मौज म्हणून लिहिली आहे, पण घडूच शकणार नाही असं हिच्यात फारच थोडं आहे. ते वाक्य मनावर घ्या. पुढे प्रत्येक वळणावर 'हे खरंच होऊ शकेल का?' असं विचारत राहायचं आहे.

इंग्रजीची धास्ती बाळगू नका. हॉएल यॉर्कशरचे, गिल्स्टेड या छोट्या गावात १९१५ साली जन्मलेले, आणि त्यांची भाषा सरळ, रोखठोक आहे. अलंकार जवळपास नाहीतच. अडचण आलीच तर ती मापांची येते. तापमान फॅरनहाइटमध्ये आहे आणि अंतरं मैलांत. वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा: फॅरनहाइटमधून ३२ वजा करा, उरलेल्याला ५ ने गुणा आणि ९ ने भागा. मैलाला १.६ ने गुणलं की किलोमीटर. उन्हाळ्याच्या आणि गारठ्याच्या प्रकरणांत हे फार लागतं. एरवी आकडे नुसते डोळ्यांखालून जातात, अंगावर येत नाहीत.

नियम एकच

कुणी पात्र 'याचा अर्थ काय असेल?' असं विचारतं, तिथे थांबायचं. पुस्तक पालथं घालायचं. आपल्याला काय वाटतं ते दोन ओळींत वहीत लिहायचं, तारीख घालायची, मगच पुढचं पान. चुकलं तर खोडायचं नाही.

हा नियम मी मनाने काढलेला नाही, कादंबरीनेच तो दिला आहे. अलेक्झांड्रोव्ह नावाचा एक रशियन शास्त्रज्ञ यात आहे. तो अगदी मोजकं बोलतो आणि तेही तुटक इंग्रजीत. त्याचं सांगणं असं, की प्रयोग होऊन गेल्यावर मेळ बसवून दाखवण्यात काही अर्थ नाही, विज्ञानात मोल आहे ते आधी केलेल्या भाकिताला. पहिल्या वाचनात मी त्याला केवळ गमतीचं पात्र समजून पुढे गेले होते. खरं तर सगळ्या कादंबरीची किल्ली त्याच्या हातात आहे, आणि लेखकाच्या आयुष्याचीही. त्याबद्दल पुढे बोलू.

पहिली पायरी: काचेवरचा काळा डाग

कथा सुरू होते ७ जानेवारी १९६४ रोजी. म्हणजे पुस्तक प्रसिद्ध झालं तेव्हा सात वर्षं पुढची तारीख. कॅलिफोर्नियातल्या पालोमार पर्वतावरच्या दुर्बिणीतून घेतलेले आकाशाचे फोटो क्नूट येन्सेन नावाचा एक तरुण नॉर्वेजियन खगोलशास्त्रज्ञ तपासतो आहे. त्या काळी फोटो काचेच्या प्लेटवर घेत. वेगवेगळ्या दिवशी घेतलेल्या एकाच भागाच्या दोन प्लेट एका यंत्रात ठेवायच्या आणि भिंगातून बघताना आलटून पालटून एकदा ही, एकदा ती, अशा दाखवायच्या. तारे जागच्या जागी राहतात. जे बदललं असेल तेवढंच लुकलुकतं किंवा उडी मारतं. क्लाइड टॉमबॉ यांना १९३० साली प्लूटो असाच सापडला. येन्सेन शोधत असतो स्फोट झालेले तारे. त्याला दिसतं भलतंच. मृगाच्या बाजूच्या आकाशात ताऱ्यांच्या गर्दीत एक काळा गोल डाग आहे आणि तो आधीच्या प्लेटपेक्षा मोठा झाला आहे.

आकाशात असे काळे डाग खरोखरच असतात. धुळीचे दाट ढग मागच्या ताऱ्यांचा उजेड अडवतात, मग तिथे आकाशाला भोक पडल्यासारखं दिसतं. मृगातला घोड्याच्या डोक्याच्या आकाराचा तेजोमेघ प्रसिद्धच आहे. पण ते डाग महिन्याभरात मोठे होत नाहीत.

इथे थांबा आणि वहीत लिहा: डाग मोठा होण्याची कारणं कोणती असू शकतील? किमान दोन सुचायला हवीत. ढग खरोखर फुगतो आहे, किंवा तो जवळ येतो आहे. कादंबरीतले लोकही इथेच थबकतात.

दुसरी पायरी: ताटाचा प्रयोग

ही पायरी गाळू नका. मी पहिल्यांदा गाळली होती आणि कादंबरीतला सर्वांत सुंदर क्षण हातचा घालवला होता.

वायकार्ट नावाचा तरुण फळ्यावर जातो आणि चार ओळींत दाखवतो की ढग इथे पोहोचायला दीड वर्षाच्या आसपास लागेल. ढग किती मोठा आहे हे कुणालाच ठाऊक नाही. किती दूर आहे, किती वेगाने येतो आहे, तेही नाही. तरीही तो कधी पोहोचेल हे कळतं! हॉएल यांनी हे गणित खाली टीप म्हणून चक्क छापलं आहे. त्यात कलनाची (कॅल्क्युलसची) चिन्हं आहेत, ती बघून बिचकू नका. तेच गणित स्वयंपाकघरातल्या ताटावर करता येतं.

मागच्या दिवाळीच्या सुट्टीत नववीतल्या भाचीबरोबर मी हे केलं. इमारतीच्या लांब व्हरांड्यात ती माझ्यापासून अकरा पावलांवर स्टीलचं ताट समोर धरून उभी राहिली. मी हात सरळ ताठ करून पट्टी धरली, एक डोळा मिटला आणि ताट पट्टीवर किती मोठं दिसतं ते वाचलं. २७ मिलिमीटर. मग ती एक पाऊल पुढे आली. आता ३० मिलिमीटर. पावलांची संख्या विसरून जायची, असं आमचं ठरलं होतं. हातात फक्त दोन मापं. पहिल्या मापाला वाढीने भागायचं: २७ भागिले ३, म्हणजे ९. अजून नऊ पावलं उरली आहेत, असं मी मोठ्याने सांगितलं. भाची चालत आली आणि दहाव्या पावलाला ताट माझ्या नाकाला लागलं.

एकाने चुकलं, कारण पट्टीवर पाव मिलिमीटर इकडेतिकडे झाला की उत्तर हलतं. भाची तेवढ्यावर गप्प बसली नाही. तिने विचारलं, 'मग आपण छोटी वाटी घेतली असती तर?' वाटी घेतली तरी उत्तर तेच येतं, फक्त वाचायला कठीण जातं, कारण वाढ अगदी बारीक असते. ताट केवढं हे आपण कुठे वापरलंच नाही. तिचा चेहरा उजळला तो क्षण म्हणजेच वायकार्टचा फळ्यासमोरचा क्षण.

आता ढगाकडे या. समजा डाग एका महिन्यात शेकडा पाचने मोठा झाला. म्हणजे ढग महिन्यापूर्वी २१ घरं दूर होता आणि आता २० घरं दूर आहे. ते घर केवढं, हे आपल्याला माहीत नाही. पण महिन्याला एक घर या हिशेबाने वीस महिने उरले. झालं. यात एक गृहीत लपलेलं आहे: ढगाचा वेग बदलणार नाही आणि तो थेट आपल्याकडेच येतो आहे. वहीत हे गृहीत ठळक अक्षरांत लिहून ठेवा. पुढे ते कामाला येणार आहे.

तिसरी पायरी: दोन स्तंभ

इकडे कॅलिफोर्नियात काचेवर डाग सापडतो आणि तिकडे लंडनमध्ये ब्रिटिश अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल असोसिएशन या हौशी आकाशनिरीक्षकांच्या सभेत कुणीतरी सांगतं की मोठे ग्रह असायला हवेत तिथे नाहीत. संस्था खरी आहे, १८९० साली स्थापन झालेली. निरीक्षण चुकलं असेल असं समजून बाकीचे हसतात. केंब्रिजचा ख्रिस्तोफर किंग्जली हसत नाही. ग्रह ढळले असतील तर त्यांना ओढणारं काहीतरी जवळपास असलं पाहिजे, हा त्याचा विचार. युरेनसची चाल चुकते यावरून ल व्हेरिए यांनी गणिताने दाखवून दिलेल्या जागेजवळच १८४६ साली नेपच्यून सापडला, त्याच वाटेचा हा विचार आहे.

वहीचं एक पान उभं दुमडा. डाव्या बाजूला 'काचेवरून काय कळलं', उजव्या बाजूला 'ग्रहांवरून काय कळलं'. वाचता वाचता भरत जा. दोन खंडांतली, एकमेकांचा पत्ता नसलेली माणसं दोन वेगळ्या वाटांनी एकाच उत्तराशी येतात, हे त्या पानावर उघड दिसतं. किंग्जली इलेक्ट्रॉनिक संगणक वापरतो तो भाग आज जुनाट वाटेल. पण केंब्रिजमध्ये १९४९ पासून तसा संगणक चालू होता, आणि अशा यंत्रावर रात्र रात्र घालवण्याचा अनुभव हॉएल यांना स्वतःला होता. म्हणून त्या पानांतली धावपळ इतकी खरी उतरली आहे.

चौथी पायरी: माणसांची यादी

नावं पुष्कळ आहेत आणि सुरुवातीला गोंधळ होतो. एवढी आठ लक्षात ठेवा, बाकीची येतील तशी जातील. किंग्जली, तल्लख आणि उर्मट, कादंबरीचा कणा. मार्लो, कॅलिफोर्नियाचा, शांत डोक्याचा. वायकार्ट, फळ्यावरचा तरुण. लेस्टर, रेडिओचा जाणकार. अलेक्झांड्रोव्ह, त्याच्याबद्दल सांगितलंच. मॅकनील, डॉक्टर, आणि सगळी हकिकत आपल्यापर्यंत पोहोचते ती याने मागे ठेवलेल्या कागदांतून. अ‍ॅन हॅल्सी, पियानोवादक. पार्किन्सन, पंतप्रधानांचा सचिव.

शेवटच्या माणसावर नजर ठेवा. सरकारला गुप्तता हवी आहे आणि किंग्जलीला काम करायला मोकळीक. या ओढाताणीतून कॉट्सवोल्ड्सच्या टेकड्यांत नॉर्टनस्टो नावाच्या जुन्या वाड्यात शास्त्रज्ञांचं केंद्र उभं राहतं. आत गेलेल्याला बाहेर पडता येत नाही. किंग्जली आणि पार्किन्सन यांची बोलणी हा निव्वळ बुद्धिबळाचा डाव आहे. प्रत्येक खेळीनंतर कुणाकडे काय उरलं, ते वहीत लिहा.

याच भागात काही गोष्टी खटकतील, आणि खटकायलाच हव्यात. बायका नावापुरत्या आहेत. एवढ्या मोठ्या संकटात त्यांच्या वाट्याला येतो तो बहुतेक चहा आणि पियानो. सत्ता राजकारण्यांच्या हातातून काढून शास्त्रज्ञांकडे द्यावी, हे किंग्जलीचं मत लेखकालाही मान्य असावं असं वाटत राहतं. पुढे जगभरात माणसं मरतात तेव्हा त्यांचा हिशेब इतक्या कोरड्या आकड्यांत येतो की माझ्या पोटात दर वेळी गोळा येतो. हे दोष झाकण्यात अर्थ नाही. मला ही कादंबरी प्रिय आहे ती हे दोष धरून, आणि तिच्याशी भांडत वाचणाराच तिचा खरा वाचक, असं मी मानते.

पाचवी पायरी: उष्मा आणि अंधार

ही प्रकरणं भराभर वाचली तरी चालतील. इथे लेखकाची लेखणी पळते आणि वाचकानेही तिच्यामागे पळावं. एवढंच करा: तापमानाचे आकडे वहीत सेल्सियसमध्ये उतरवत जा.

आणि मघाचं गृहीत आठवा. वेग बदलणार नाही, असं आपण धरलं होतं ना? वहीतल्या त्या ओळीसमोर एक प्रश्नचिन्ह काढा आणि पुढे चला.

सहावी पायरी: 'क्लोज रीझनिंग'

या नावाचं प्रकरण आलं की घाईने वाचायचं नाही. एक अख्खी संध्याकाळ राखून ठेवा. त्याआधी मात्र रेडिओबद्दल थोडंसं माहीत हवं.

आमच्या घरी आजोबा रेडिओ सिलोनवर बिनाका गीतमाला ऐकत. श्रीलंकेतलं केंद्र महाराष्ट्रातल्या खेड्यात ऐकू येत असे, कारण शॉर्टवेव्हच्या लहरी आकाशात वर जाऊन आयनांबरावर आपटून परत खाली येतात. आयनांबर म्हणजे जमिनीपासून साधारण साठ-सत्तर किलोमीटरच्या वर सुरू होणारे हवेचे विरळ थर. तिथे सूर्यप्रकाशामुळे अणूंतले इलेक्ट्रॉन सुटे झालेले असतात. सुटे इलेक्ट्रॉन कमी-जास्त झाले की रेडिओ नीट लागतो किंवा खरखरतो. फार आखूड लहरी, म्हणजे काही सेंटिमीटरच्या, एरवी या थरांतून आरपार निघून जातात. एवढं पक्कं असलं की पुरे. युद्धकाळात हॉएल रडारवर काम करत होते, हर्मन बाँडी आणि थॉमस गोल्ड यांच्यासोबत, आणि या प्रकरणातलं रेडिओचं ज्ञान तिथलं आहे.

नॉर्टनस्टोमध्ये रेडिओच्या दळणवळणात काही विचित्र अडथळे येऊ लागतात. कुठल्या तरंगलांबीवर, कधी, किती वेळ, याच्या नोंदी होतात. मंडळी बसतात आणि वाद घालतात. इथे वहीत तीन रकाने करा: काय दिसलं, त्याचं साधं स्पष्टीकरण काय, आणि ते बरोबर असेल तर पुढच्या वेळी काय दिसायला हवं. तिसरा रकाना रिकामा ठेवून पुढे जाऊ नका. अलेक्झांड्रोव्हचं सगळं म्हणणं त्या तिसऱ्या रकान्यात आहे. सुचेल ते लिहा. कितीही वेडगळ वाटलं तरी लिहा.

मग पुस्तक उघडा. पुढे काय आहे ते मी सांगणार नाही.

सातवी पायरी: संपल्यावर लगेच हॉएल यांच्याकडे वळा

पुस्तक मिटलं की दुसऱ्याच दिवशी लेखकाची माहिती काढा, कारण आता ती दुप्पट रंगतदार लागते. आधी वाचली असती तर ती नुसती यादी वाटली असती.

या ढगाचं बीज कादंबरीच्या अठरा वर्षं आधीचं आहे. १९३९ साली हॉएल आणि रेमंड लिटलटन यांनी एक शोधनिबंध लिहिला होता: सूर्य ताऱ्यांमधल्या वायूच्या ढगातून गेला तर पृथ्वीच्या हवामानावर काय परिणाम होईल? तेव्हा हॉएल चोवीस वर्षांचे होते.

आता अलेक्झांड्रोव्हकडे वळू. १९५३ साली हॉएल कॅलिफोर्नियात कॅलटेक या विद्यापीठात गेले आणि विल्यम फाउलर यांच्या प्रयोगशाळेत एक चमत्कारिक मागणी घेऊन उभे राहिले. ताऱ्यांच्या पोटात हेलियमच्या तीन केंद्रकांपासून कार्बन बनतो, हे गणित त्या काळी जुळत नव्हतं. इतका कार्बन तयार होऊन टिकायलाच नको, असं उत्तर येई. पण कार्बन तर आहे. आपण सगळे त्याचेच बनलेले आहोत. तेव्हा कार्बनच्या केंद्रकाला, आजच्या मोजमापात ७.६५ दशलक्ष इलेक्ट्रॉन व्होल्टच्या आसपास, एक विशिष्ट ऊर्जापातळी असलीच पाहिजे, असं हॉएल यांचं म्हणणं. प्रयोग करणाऱ्यांना ते पटेना. तरी वॉर्ड व्हेलिंग यांच्या गटाने मोजून पाहिलं आणि ती पातळी सापडली. आधी भाकीत, मग प्रयोग. चार वर्षांनी तेच हॉएल यांनी एका रशियन पात्राच्या तोंडी घातलं. हे कळल्यावर मी कादंबरी पुन्हा काढून अलेक्झांड्रोव्हची वाक्यं तेवढी वाचली होती.

कादंबरी प्रसिद्ध झाली त्याच १९५७ साली मार्गारेट आणि जेफ्री बर्बिज, फाउलर आणि हॉएल या चौघांचा प्रसिद्ध निबंध आला. हायड्रोजन आणि हेलियमनंतरची बहुतेक मूलद्रव्यं ताऱ्यांमध्येच कशी घडतात, हे त्यात सविस्तर मांडलं आहे. १९८३ चं नोबेल फाउलर आणि चंद्रशेखर यांना मिळालं, हॉएल यांना नाही. मला तो अन्याय वाटतो.

भाकितांची तलवार त्यांच्यावरही चालली. विश्वाला आरंभ नाही, ते सदैव असंच आहे, हा स्थिर स्थितीचा सिद्धान्त त्यांनी, बाँडी आणि गोल्ड यांनी १९४८ साली मांडला. विरुद्ध पक्षाच्या कल्पनेला १९४९ मध्ये बीबीसी रेडिओवर बोलताना त्यांनीच 'बिग बँग' असं नाव दिलं. आपण महास्फोट म्हणतो तो. १९६५ साली पेन्झियास आणि विल्सन यांना अवकाशभर पसरलेलं सूक्ष्मलहरींचं प्रारण सापडलं, महास्फोट मानणाऱ्यांनी ज्याचं भाकीत आधीच केलं होतं तेच, आणि बहुतेक शास्त्रज्ञ महास्फोटाच्या बाजूला गेले. हॉएल शेवटपर्यंत गेले नाहीत. २००१ साली ते वारले. किंग्जलीचा हट्ट वाचताना मला आता हे सगळं आठवतं, आणि त्या पात्राचा राग कमी होत नाही पण ते जवळचं वाटू लागतं.

आणखी एक गोष्ट. १९५७ साली ताऱ्यांमधल्या ढगांत साधासुधा वायू आणि धूळच असणार, असा सर्वसाधारण समज होता. १९६८ साली तिथे अमोनिया सापडला, १९६९ साली पाणी आणि फॉर्माल्डिहाइड, आणि नंतर रेणूंची यादी वाढतच गेली. कादंबरी संपवून आलात की या ओळीचं महत्त्व कळेल.

आठवी पायरी: पुढे काय वाचावं

मराठी वाचकाला इथून पुढे घरचीच वाट आहे. जयंत नारळीकर कोल्हापूरला जन्मले, बनारसला शिकले आणि केंब्रिजला पोहोचले ते १९५७ सालीच. पुढे हॉएल यांच्याच मार्गदर्शनाखाली त्यांनी संशोधन केलं. १९६४ साली गुरुत्वाकर्षणाचा हॉएल-नारळीकर सिद्धान्त जगभर गाजला. १९९३ मध्ये हॉएल, जेफ्री बर्बिज आणि नारळीकर या तिघांनी स्थिर स्थितीच्या सिद्धान्ताचं सुधारलेलं रूप मांडलं. म्हणजे नातं अखेरपर्यंत राहिलं.

गुरूसारखीच शिष्यानेही विज्ञानकथेची लेखणी धरली, आणि ती मराठीत. मराठी विज्ञान परिषदेच्या १९७४ च्या स्पर्धेत त्यांनी 'कृष्णविवर' ही कथा पाठवली ती नारायण विनायक जगताप या नावाने. स्वतःची आद्याक्षरं त्यांनी उलटी केली होती. नावाच्या दबावाखाली परीक्षकांनी निकाल देऊ नये, हा हेतू. कथेला पहिलं बक्षीस मिळालं.

'द ब्लॅक क्लाउड' संपवून थेट 'यक्षांची देणगी' हा संग्रह घ्या, मग 'प्रेषित' आणि 'वामन परत न आला'. वही तीच ठेवा, नियम तोच ठेवा. थांबायचं, लिहायचं, मग पान उलटायचं. नारळीकरांच्या कथांत थांबण्याच्या जागा जास्त स्पष्ट दिसतात, त्यामुळे शाळकरी मुलांबरोबर वाचायचं असेल तर क्रम उलटा करा. आधी नारळीकर, मग हॉएल. हॉएल यांचंच आणखी काही हवं असेल तर जॉन एलियट यांच्यासोबत केलेली 'ए फॉर अ‍ॅन्ड्रोमेडा' आहे. ती १९६१ साली बीबीसीवर मालिका म्हणून आली होती. तिच्यात वेग जास्त आहे, फळा कमी. मला फळा जास्त आवडतो.

वाचायला घ्यायचीच असेल तर शक्यतो जानेवारीत घ्या. रात्री आठ-नऊला गच्चीवर गेलात तर मृग चांगला वर आलेला असतो. बाणाचे तीन तारे आधी शोधा, मग दक्षिणेच्या अंगाला निळसर पांढरा राजन्य. तिथून आणखी खाली, क्षितिजाच्या बाजूला नजर न्या आणि पाच मिनिटं बघत राहा. येन्सेनची काच त्याच बाजूच्या आकाशाची होती.

पुस्तक पुढे कुणाला वाचायला द्याल तेव्हा सोबत ताट आणि पट्टीची युक्ती सांगा. वही मात्र देऊ नका, तिच्यात तुमची भाकितं आहेत. त्यांना कोरी वही द्या.